उठून गेलेल्यांची हरकत

खापर
२० ऑगस्ट २०२५

ज्यांच्या होकारासाठी कचेरीत छापील कागद तयार असतो आणि ज्यांच्या नकारासाठी साधा कोरा कागदही मिळत नाही, अशा तमाम बायाबाप्यांनो,

घाबरू नकोस, गायत्री. या पत्राची वाचक सध्या तू एकटीच आहेस. पण तुझी चिठ्ठी वाचली आणि बाजारपेठेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून माईक हातात घेतल्यासारखं झालं. उद्यापासून आम्हा जैनांचं पर्युषण. आठ दिवस रागावायचं नसतं. म्हणून आजच रागावून घेते.

तू लिहितेस, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तुमच्या उंबरीपाड्याची शाळा बंद करून चौदा पोरांना नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचा ठराव झाला. 'सर्वानुमते मंजूर, कोणीही हरकत घेतली नाही', असं वहीत लिहिलं गेलं. आता शाळा समितीची अध्यक्ष म्हणून ना हरकत पत्रावर तुझी सही हवी. आणि शेवटी विचारतेस, 'काय करू काकीसा?'

काय करू म्हणजे काय! नाही म्हण. पण मला धक्का बसला तो पुढच्याच ओळीने. 'म्हातारी माणसं तर मधेच एकेक करून उठून बाहेर गेली.' उठून गेली? पोरांची शाळा जातेय आणि ही माणसं शेळ्या बघायला गेली? गायत्री, मला वाईट वाटलं. भित्र्या माणसांचा पाडा म्हणावा का याला?

उद्या अक्कलकुव्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जा आणि ना हरकतीचा नमुना माग. लगेच मिळेल, फक्त नाव भरायचं. मग हरकतीचा नमुना माग. दुकानदार तुझ्याकडे बघत राहील. या देशात हरकत नसल्याचा कागद आहे, हरकत असल्याचा नाही!

तुला माझा तो जाडा इंग्रजी कोश आठवतो? तू वसतिगृहातून वह्या घ्यायला यायचीस आणि माझ्या दुकानात पोत्यावर बसून त्याची पानं उलटायचीस. पुड्या बांधायच्या रद्दीत आला होता तो, आणि आला तोही शेवटचाच भाग. 'यू'च्या आधीचं इंग्रजी माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. काल त्यात एक शब्द सापडला, विथसे. अर्थ, नाकारणं. शब्दापुढे खंजिरासारखी एक खूण आहे. म्हणजे शब्द मेलेला, आता कोणी वापरत नाही. त्याचं मूळ बघ. 'विथ'चा अर्थ शाळेत 'सह' असा शिकवतात. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता समोर, विरुद्ध. 'विथस्टँड'मध्ये तो अजून जिवंत आहे, समोर उभं राहून टिकणं. आणि 'से' म्हणजे म्हणणं. तर विथसे म्हणजे समोर उभं राहून, तोंडाने, विरुद्ध म्हणणं. त्या जुन्या माणसांच्या लेखी नकार मनात होत नव्हता. त्याला तोंड लागत होतं.

तुमच्या म्हाताऱ्यांना तोंड नाही का?

पत्र दिनेशच्या जीपने पाठवतेय. तो म्हणतो, "काकीसा, मन्ही जीप शे का पोस्ट हापिस?" मी म्हटलं, तुमच्या पाड्यावर फोन लागायला लागला की जीप मोकळी करीन.

तुझी
रूपकंवर काकीसा

---

उंबरीपाडा
२५ ऑगस्ट २०२५

काकीसांना नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मीसुद्धा उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा वाचताना ठरवलं की तुम्हाला समजावून सांगायचं.

काकीसा, तुम्ही चुकलात. सभेला आलेला तालुक्याचा साहेब चुकला तसंच चुकलात. फरक एवढाच की साहेबाने वहीत लिहवलं आणि तुम्ही पत्रात लिहिलंत.

आमच्या पाड्यात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. माझ्या आत्याला मागणी आली होती तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात. पाहुणे बसले, पाणी झालं, बोलणं निघालं. आजा काही न बोलता उठला आणि गोठ्यात जाऊन बैलाला चारा घालायला लागला. पाहुण्यांनी ओळखलं. पाणी पिऊन हसत परत गेले. कोणाचा अपमान नाही, भांडण नाही. पुढे त्याच घरातली मुलगी आमच्याकडे सून म्हणून आली. आमचा नकार असाच असतो. माणूस उठून कामाला लागतो.

पंधरा ऑगस्टला सगळ्यात आधी तापीबाई उठली. पाड्यातली सगळ्यात वडील बाई ती. ती उठली तशी माझ्या अंगावर काटा आला. मग तिच्यामागे एकेक करून तेवीस माणसं उठली. आमच्या पाड्याने आजवर एवढ्या जोरात कोणालाच नाही म्हटलेलं नाही! आणि साहेब म्हणाला, "चला, कोणाची हरकत नाही ना? छान." मी मागे बसले होते. मीच तेव्हा बोलायला हवं होतं. मला वाटलं, एवढं मोठं 'नाही' त्याला दिसलंच असेल.

आता खरी अडचण सांगते. करणसिंगमामा सरपंच आहे. वसतिगृहात मला सोडायला तोच आला होता. माझी पत्र्याची पेटी त्याने डोक्यावर घेतली होती, तुम्हाला आठवेल. तो म्हणतो, "भाची, सही कर. शाळा दिली तर पाड्याला रस्ता देतो म्हणालाय साहेब. रस्ता आला की दवाखाना आला, बाजार आला. मोठ्या शाळेत कॉम्प्युटर आहे."

मामा खोटं बोलत नाही. रस्ता हवाच आहे. पण मोठी शाळा पाच किलोमीटरवर, आणि मधे नाला. पावसात तो मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. माझी मयूरी पहिलीत आहे. दिवाळीनंतर तिचा बाप नथ्थू ऊसतोडीला गुजरातला जातो. शाळा दाराशी आहे म्हणून मी आणि मयूरी इथे राहतो. शाळा गेली तर पाच किलोमीटर तिला रोज कोण नेईल? मग तिलाही उसाच्या फडावर घेऊन जावं लागेल. पाड्यातल्या चौदाही पोरांचं हेच होणार. मी लिहायला शिकले, माझी मुलगी मोळ्या बांधायला शिकेल.

दोन ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. तेव्हा सही घेऊन दिवाळीच्या सुट्टीपासून शाळेला कुलूप लावणार, असं कळलंय.

तुमच्या कोशातला शब्द मेला. आमची रीत जिवंत आहे. पण साहेबाला ती वाचता येत नाही. आता सांगा.

तुमची
गायत्री

---

खापर
३० ऑगस्ट २०२५

गायत्री बेटा,

मिच्छामि दुक्कडम्. संवत्सरी नुकतीच झाली. त्या दिवशी आम्ही वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतो. शेजारपाजारच्यांची तोंडी मागितली. तापीबाईंची आणि त्या तेवीस जणांची मागायची राहिली, ती तू माझ्या वतीने माग. मी त्यांना भित्रे म्हटलं. मोर्चे काढलेली बाई मी, आणि माझ्यासमोर अख्खा पाडा नाही म्हणाला तरी मला ऐकू आलं नाही.

आता ऐक. पर्युषणात मी रोज सकाळी पच्चक्खाण घेत होते. तू दुकानात असताना बघितलंयस, फक्त नाव माहीत नसेल. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं पाणीसुद्धा नाही, किंवा आज दिवसभर अन्न नाही, असं काहीतरी नाकारायचं. पण मनात ठरवून चालत नाही. साध्वीजी असतील तर त्यांच्यासमोर, नसतील तर घरातल्या कोणासमोर, तोंडाने म्हणावं लागतं. त्यात तीन गोष्टी असतात: काय नाकारलं, कुठवर नाकारलं आणि कुठली सूट ठेवली. त्या सुटीला आगार म्हणतात. चुकून तोंडात काही गेलं तर व्रत मोडत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं असतं.

पच्चक्खाण म्हणजे प्रत्याख्यान. प्रति म्हणजे समोर, विरुद्ध. आख्यान म्हणजे सांगणं. साठ वर्षं हा शब्द रोज उच्चारतेय आणि परवा उपवासाच्या दिवशी भिंतीला टेकून बसले असताना लक्षात आलं की विथसे आणि प्रत्याख्यान एकाच मापाने शिवलेत! समोर अधिक म्हणणं. ते थंडीतले जुने इंग्रज शेतकरी आणि आमच्या पायी फिरणाऱ्या साध्वी, दोघांची कधी गाठ पडली नाही. तरी नकार कशाचा बनतो ते दोघांनाही सारखंच कळलं होतं.

मग तो शब्द मेला का? माझ्या कोशात उत्तर नाही. सुरतेहून नात आयुषीने फोनवर बघून सांगितलं. "दादीसा, तिकडे परक्या राजाचं राज्य आलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. आज इंग्रज नाही म्हणायला रिफ्यूज म्हणतात, डिनाय म्हणतात, ते शब्द तिकडून आलेत." लक्षात आलं ना? कचेरीची भाषा बदलली आणि शेतकऱ्याच्या नकाराचा शब्द हळूहळू कागदावरून उतरला. माणसं नाही म्हणत राहिली असतील. पण लिहिणाऱ्याच्या कानाला ते कळेनासं झालं असेल. तुमच्या पाड्यात पंधरा ऑगस्टला नेमकं हेच झालं.

म्हणून दोन ऑक्टोबरला तोंडाने म्हणा. काय, कुठवर आणि सूट कुठली. मुदत घातलेला नकार हट्टी ठरत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं.

इथे सगळं ठीक. दुकानात दोन माणसं मापं घेऊन गेली. पावसाने शटर गंजलंय, तेवढंच.

तुझी
काकीसा

---

उंबरीपाडा
१४ सप्टेंबर २०२५

काकीसा,

क्षमा पोचवली. तापीबाई हसली. म्हणाली, "ती बाई एवढी शिकलेली, आणि माझी क्षमा मागते? तिला म्हणावं, भाजी न्यायला ये."

पण बोलायला कोणी तयार नाही. मी दारोदार गेले. तापीबाई म्हणाली, "पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायला मी काय दारू प्यायलेय?" धुडकूबाबा म्हणाला, "एकदा उठलो ना. किती वेळा उठायचं?" त्यांच्या मते नकार देऊन झालाय. आता न समजणं हा साहेबाचा कमीपणा.

मामा रोज येतो. काल म्हणाला, "तू एकटी नाही म्हणालीस तर वहीत एक नाव लागेल. सगळे विरुद्ध एक. मग रस्ताही गेला आणि शाळाही." कागद माझ्या घरी ठेवून गेलाय. मयूरी त्याच्या पाठीमागे चित्र काढायला निघाली होती, तो ओढून घेतला.

मी सही करणार नाही. पण एकटीचं नाव लागलं तर शाळा वाचणार नाही, हेही खरं आहे.

गायत्री

---

खापर
२० सप्टेंबर २०२५

गायत्री,

थोडक्यात लिहिते, दिनेश बाहेर हॉर्न वाजवतोय.

माझी चूक झाली. मी माझी रीत तुमच्यावर लादत होते. तापीबाईंना सांग, उठणं सोडू नका. पाहुण्याला पाणी द्या, चहा द्या, जवळ बसा, आणि उठण्याआधी फक्त एक वाक्य म्हणा. 'नाही' म्हणायचंही नाही. कुठवर ते म्हणा. 'नाल्यावर पूल होईपर्यंत आमची पोरं इथेच शिकतील.' यात कोणाचा अपमान आहे? मग खुशाल उठून शेळ्यांकडे जा. रीत तुमचीच राहील. तिच्या आधी एक वाक्य जोडलं, ते त्या वहीसाठी.

मामाला मात्र एक प्रश्न विचार. पंधरा ऑगस्टला तापीबाई उठली तेव्हा त्याला काय समजलं? तो तर त्याच पाड्याचा आहे.

काकीसा

---

उंबरीपाडा
५ ऑक्टोबर २०२५

काकीसांना नमस्कार. खाली बसून वाचा.

दोन तारखेला शाळेच्या पडवीत सभा भरली. साहेब भला माणूस आहे. सगळ्यांना हात जोडून बसला. तापीबाईने त्याला पाणी दिलं. मग कोरा चहा दिला. मग ती त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं. साहेबाला वाटलं, आजी आशीर्वाद देतेय. तो वाकला.

ती आमच्या बोलीत बोलली. मी मराठीत सांगत गेले. "बेटा, नाल्यावर पूल होईपर्यंत आमची पोरं याच शाळेत शिकतील. पूल झाला की तुझ्या मोठ्या शाळेत मी त्यांना स्वतः घेऊन येईन. पूल व्हायच्या आधी कोणाला मोठ्या वर्गात जायचं असेल तर त्याने जावं, आम्ही अडवणार नाही." मुदत आणि सूट, दोन्ही! मग तिने मनगट सोडलं आणि उठून बाहेर गेली.

"अहो आजी, बसा ना, कुठे चाललात?"

मग धुडकूबाबा तेच वाक्य म्हणाला आणि उठला. मग त्याची सून. मग नथ्थू. काकीसा, माझा नवरा माझ्याशी दिवसात दहा वाक्यं बोलत नाही. त्याने साहेबासमोर पूर्ण वाक्य म्हटलं. एकतीस माणसं म्हणाली आणि एकतीस उठली. पडवी रिकामी होत गेली. साहेब प्रत्येकाला बसा बसा म्हणत होता आणि ग्रामसेवक नुसता बघत होता.

तेव्हा मी मामाला तुमचा प्रश्न विचारला, सगळ्यांसमोर. "मामा, पंधरा ऑगस्टला तापीबाई उठली तेव्हा तुला काय समजलं?"

मामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग साहेबाला म्हणाला, "साहेब, आता ती माणसं परत आत येत नाहीत. हे 'नाही' आहे. गेल्या वेळचंही 'नाही'च होतं. मला कळलं होतं. रस्त्याच्या लोभाने मी तुम्हाला सांगितलं नाही."

साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो म्हणाला, "अहो सरपंच, मी तर वर कळवलं की लोक एवढे खूश आहेत की आनंदाने कामाला निघून गेले!"

एवढ्या वेळात कोणी हसलं नव्हतं. आता बाहेरच्यांनाही ऐकू गेलं आणि गोठ्यातून हसणं आलं.

मी कोरा ना हरकत कागद परत दिला. म्हटलं, "पूल होईपर्यंत मी सही करणार नाही." आणि ग्रामसेवकाच्या शेजारी उभी राहिले, त्याने 'एकतीस ग्रामस्थांची व समिती अध्यक्षांची हरकत' असं लिहीपर्यंत. मग मीही बाहेर आले. मागे वळून बघितलं तर मामा उठला होता. साहेबाला नमस्कार करून तो बाहेर आला आणि तापीबाईच्या शेळ्यांना पाला घालायला लागला.

साहेबाने ठराव रद्द झाल्याचं, पुलाचा प्रस्ताव जोडून, वर कळवलंय. दिवाळीला कुलूप लागणार नाही, हे त्याने लिहून दिलं. मयूरीला मी म्हटलं, आता घरातल्या कुठल्याही कागदावर खुशाल चित्र काढ.

आता तुमचं. दिनेशने खापरच्या चहाच्या टपरीवरचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं: "काकीसा सुरतले जाई ऱ्हायन्यात म्हणे. तरुणशेठनी दुकानले गिऱ्हाईक बी पाहेल शे." शटर गंजलंय म्हणालात मला! ती माणसं तुमच्या मुलाने धाडलेली, मापं दुकानाची घेत होती ना?

तुम्हाला सुरतला जायचं असेल तर मी पोचवायला येईन, पेटी डोक्यावर घेऊन. जायचं नसेल तर तुम्ही कोणासमोर ते तोंडाने म्हटलंत? मला हजार वर्षांपूर्वीचा शब्द शिकवलात. स्वतः कधी वापरलात का?

आणखी एक. शेजारच्या चार पाड्यांतही वहीत असंच 'सर्वानुमते' लिहिलं गेलं आणि शाळा बंदच्या नोटिसा आल्यात. त्यांची सभा मंगळवारी, चार नोव्हेंबरला. ऊसतोडीच्या गाड्या त्यांच्यासाठी थांबायला तयार आहेत. त्यांच्यासाठी सभेतल्यासारखं एक पत्र लिहा. मी पाड्यापाड्यात जाऊन वाचीन.

गायत्री

---

खापर
२७ ऑक्टोबर २०२५

गायत्री बेटा,

तुझा प्रश्न तीन आठवडे पदराला बांधून फिरले. आज उत्तर देते.

तरुण जुलैपासून म्हणत होता, "माँ, एकटी काय करतेस खापरला? दुकान देऊन टाकू, सुरतला चल." वाईट मुलगा नाही. काळजीने म्हणत होता. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघू." बघू, बघू, बघू. माझ्या मनात ते 'नाही' होतं. तरुणने ते 'हो' असं लिहून घेतलं, तुमच्या साहेबासारखंच.

आणि हेही सांगते, जे आजवर कोणाला सांगितलं नाही. दुकान माझ्या स्वर्गवासी यजमानांच्या आणि जेठसांच्या नावावर. जेठसा म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ झुंबरलालजी, ब्याऐंशी वर्षांचे. विकायचं की नाही ते त्यांच्या शब्दावर. आणि आमच्या घरात सून, म्हणजे बींदणी, जेठासमोर बोलत नाही. मी ट्रॉलीवर चढून भाषणं केली, तहसीलदाराला घाम फोडला, आणि घरी येऊन जेठसांसमोर पदर डोळ्यांपर्यंत ओढून मुकी बसले. बेचाळीस वर्षं! त्यांना काही सांगायचं तर मधे कोणीतरी लागायचं. मी तुझ्या पाड्याला तोंड नाही का विचारलं होतं. माझं तोंड दुकानाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेलं होतं.

भाऊबीजेच्या दिवशी सगळे जेवायला बसले. तरुण जेठसांना म्हणाला, "तर बाबोसा, कागद करून टाकू? माँची काही हरकत नाही." बघ, शब्दसुद्धा तोच.

मी तापीबाईंसारखं केलं. तरुणच्या ताटात लापशी वाढली, त्यावर तूप वाढलं, त्याच्या शेजारी पाटावर बसले. मग पदर मागे घेतला आणि जेठसांकडे बघून म्हटलं, "माझी हरकत आहे. माझे हातपाय चालतात तोवर मी खापर सोडणार नाही आणि दुकान विकू देणार नाही. आजारी पडले तर बरी होईपर्यंत सुरतला येईन, आणि आयुषीच्या लग्नाला महिनाभर येईन. एवढीच सूट." काय, कुठवर, सूट. सकाळच्या पच्चक्खाणासारखं एका दमात म्हटलं.

तरुणचा घास हातात राहिला. आयुषी आनंदाने लाल झाली. जेठसा पाणी प्यायले आणि पेला ठेवून म्हणाले, "बींदणी, बाजारात भोंग्यावर तुझा आवाज चाळीस वर्षं ऐकतोय. घरात आज पहिल्यांदा ऐकला." मग तरुणकडे वळून म्हणाले, "दुकान राहील." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लापशी मलाही वाढ."

तरुण दुसऱ्या दिवशी स्वतः शटरला तेल घालून गेला. ते खरंच गंजलं होतं.

कोशातलं ते पान मी कापून या पत्रासोबत देतेय. मेलेल्या शब्दाची खूण मी पेनने खोडलीय. आता तुझं दुसरं काम. खालचा मजकूर चारही पाड्यांत वाच. बोलीत सांग, माझ्या भारी शब्दांवर अडू नकोस.

उंबरीपाड्याशेजारच्या चार पाड्यांतल्या बायांनो, बाप्यांनो, म्हाताऱ्यांनो,

तुम्ही गप्प बसलात आणि वहीत 'हो' लिहिलं गेलं. तुम्ही उठून गेलात आणि वहीत 'हो' लिहिलं गेलं. तुमच्या पोरांच्या शाळेवर कुलूप येतंय, आणि कागद म्हणतो की ते तुमच्या मर्जीने येतंय. हा राग तुमच्या पोटात आहे हे मला माहीत आहे. तो माझ्याही पोटात बेचाळीस वर्षं होता.

तुमची रीत सोडा असं मी सांगणार नाही. ती मला एका पाड्याने शिकवली आणि मी तिच्यापुढे हात जोडते. साहेबाला पाणी द्या. चहा द्या. त्याच्या जवळ बसा. तो शत्रू नाही, त्याला फक्त तुमचं उठणं वाचता येत नाही. पण वहीला कान नसतात. तिला शब्दच लागतात, आणि तो शब्द तुमच्या तोंडून निघाल्याशिवाय कोणीही तुमच्यासाठी लिहिणार नाही. मी नाही, गायत्री नाही, सरपंच नाही. उंबरीपाड्यात एकतीस माणसांनी एकच वाक्य म्हटलं आणि कुलूप परत गेलं.

मंगळवारी, चार नोव्हेंबरला सभेला या. ऊसतोडीची गाडी एक दिवस थांबवा, पण या. तुमची पाळी आली की साहेबासमोर तोंडाने म्हणा: "नाल्यावर पूल होईपर्यंत आमची हरकत आहे." आणि ग्रामसेवक ते वाक्य तुमच्या नावासमोर वहीत लिहून तुम्हाला वाचून दाखवत नाही, तोवर उठू नका.